तीन फळ्या पाइनच्या

गजा,

परवा वहिनींनी देव्हारा माझ्या घरी आणून दिला. त्या आणि तुझी अनघा, दोघी टॅक्सीतून घेऊन आल्या, जुन्या चादरीत गुंडाळून, आजारी मूल दवाखान्यात नेतात तसा. मी म्हटलं, मला फोन करायचा, मी आलो असतो उचलायला. तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आला असता हो भावजी, पण नेला नसता." बरोबर बोलल्या. मी नेला नसता.

आता तो माझ्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर आहे, खाली वर्तमानपत्र पसरून. आत देव नाहीत. देव वहिनींनी तांदळाच्या डब्यात ठेवलेत, ते त्यांच्याबरोबर रत्नागिरीला जाणार. रिकामा देव्हारा घरात ठेवू नये असं आमच्या हिचं म्हणणं.

तुला जाऊन आज सोळावा दिवस. तेराव्याला तुझ्या पासिर रिसच्या घरी जमलेल्या मंडळींनी तुझं कौतुक केलं. शांत माणूस, सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे कुठल्या गजाबद्दल बोलतायत? पेन्सिल जाईल एवढ्या भोकासाठी अख्खी बोट दोन दिवस धक्क्याला बांधून ठेवणारा, अर्ध्या बंदराच्या शिव्या खाणारा तो गजानन साळवी दुसरा कुणी होता की काय? नाव गजाननाचं, अंगकाठी उदबत्तीची आणि हट्ट खेचराचा.

मला त्या दिवशी बोलता आलं नाही. बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. मी तुझ्याशी एक खोटं बोललो होतो, एकदा नाही, दोनदा, आणि ते निस्तरायला माझ्याकडे चांगली दोन वर्षं होती. मी ती फुकट घालवली.

तुझी माझी पहिली भेट भांडणाचीच. मी बोटीवरची सुतारकी सोडून नुकताच किनाऱ्यावर आलो होतो. बोटीच्या पोटात माल भरताना तो सरकू नये, ओला होऊ नये म्हणून खाली आणि मधे लाकडी फळ्या घालतात. त्या घालणाऱ्या टोळीचा मी मुकादम. तू लाकडातली कीड मारायला गॅस देणाऱ्या कंपनीचा इन्स्पेक्टर. बोट सुटायची वेळ झालेली, आणि हा काडीपैलवान हातात टॉर्च आणि भिंग घेऊन माझ्या फळ्यांवर टिचक्या मारत बसलेला. मी तोंडातल्या तोंडात मालवणीत एक शिवी हासडली. तू मान वर न करता शुद्ध मराठीत म्हणालास, "शिवी ऐकली. आता ती फळी उलटी करा."

फळी उलटी केली. खाली किड्याने पाडलेलं एक भोक होतं, गोल, कंपासने काढावं तसं. तू त्याच्याकडे असा बघत राहिलास की मला वाटलं आता हा हात जोडतो.

त्या दिवशी मी तुला जो प्रश्न विचारला, तोच पुढे सात वर्षं विचारत राहिलो. या बेटावर पाइनचं एक जंगल दाखव. नारळ आहेत, रेन ट्री आहेत, ऑर्किडं आहेत, पण ज्या झाडावर हा किडा जगतो ते झाडच इथे नाही. मग इथे त्याला अडवून कुणाचं भलं होणार? तू म्हणायचास, इथे तो काही बिघडवू शकत नाही, म्हणून तर अडवायला हीच जागा बरी. एकदा पुढच्या बंदराला उतरला की तिथे जंगलंच्या जंगलं आहेत. मी म्हणायचो, ती जंगलं तुझ्या बापाची आहेत का? तू म्हणायचास, नाहीत, म्हणून तर काळजी घ्यायची, आपली असती तर आपण निष्काळजी राहिलो असतो. मी हरलोय असं मी कधी कबूल केलं नाही.

कंपनीच्या कागदांवर त्या किड्याचं नाव पाइन वुडवास्प. तू तिला करवतमाशी म्हणायचास, कारण करवतमाश्यांच्याच कुळातली. हॉकर सेंटरवर माझ्या ताटातल्या टोफूत दातकोरणं खुपसून तू मला ती शिकवलीस. मादी निळसर काळी, पोलादी. पोटाला मागे सुईसारखी नळी. ती नळी पाइनच्या खोडात खुपसते आणि अंडी घालते, आणि अंड्यांबरोबर थोडं विष आणि थोडी बुरशी. विषाने झाड आजारी पडतं, बुरशीने लाकूड सुकतं, आणि अळीला आयतं शिजवलेलं जेवण मिळतं. वर्ष-वर्ष, कधी दोन वर्षं आतल्या आत लाकूड खात राहते. मग एक दिवस गोल दार पाडून बाहेर येते. बाहेर आल्यावर ती काही खात नाही, तिला फक्त झाड शोधायचं असतं. तिच्या मूळ मुलखात तिला कुणी विचारत नाही, मेलेल्या झाडांवर गपगुमान जगते. पण लाकडाबरोबर परमुलखात गेली की तिथे तिला खाणारं कुणी नसतं, आणि मग ती उभी हिरवी झाडं आडवी करते. "आपल्या गावात गरीब आणि परगावी दांडगी," तू म्हणायचास, आणि आपल्या ओळखीच्या एकाचं नाव घेऊन हसायचास.

माझा तो टोफू तसाच टाकून द्यावा लागला. आजही टोफू समोर आला की मला तुझं दातकोरणं दिसतं.

आणि गंमत अशी, की तू पाइनचं जिवंत झाड कधी पाहिलेलंच नव्हतंस. जन्म रत्नागिरीचा, तरुणपण गोदीत, पुढचं सगळं आयुष्य या बेटावर. पाइन तुला माहीत ती फळी होऊन आलेली. रविवारी आपण पासिर रिसच्या किनाऱ्यावर थर्मासमधून चहा नेऊन बसायचो, तिथे सुरूची झाडं आहेत, सुया-सुयांच्या पानांची. येणारा जाणारा त्यांना पाइन म्हणायचा आणि तू प्रत्येकाला थांबवून सांगायचास की हे पाइन नव्हे. अनघा लाजून चार पावलं पुढे जाऊन उभी राहायची. कॅमेरन हायलँड्सला पाइनची झाडं आहेत असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. बसने जायचं आपण ठरवलं होतं. दर वर्षी ठरवलं आणि दर वर्षी माझ्याच कामामुळे राहिलं. पुढच्या वर्षी नक्की, असं मी म्हणायचो, जसं काही पुढची वर्षं माझ्या कपाटात घडी घालून ठेवलेली होती.

आता त्या दिवसाचं सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका बोटीतून पाइनच्या फळ्यांचा मोठा ढीग उतरला होता. दोन-दोन इंच जाड. तुला त्यात भोकं सापडली, एका फळीत तर जिवंत अळी. एवढ्या जाड लाकडात गॅस आतपर्यंत पोचेल याची खात्री नाही म्हणून तू सगळा ढीग जाळायचं ठरवलंस. निळ्या खडूने प्रत्येक फळीवर फुली मारलीस. भट्टीकडे जाणारे ट्रक भरताना तू स्वतः उभा राहायचास, शेवटची फळी चढेपर्यंत, हा तुझा नेम. पण नेमकं त्याच सकाळी तुम्हाला फ्लॅटची किल्ली मिळायची होती. इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून पासिर रिसला स्वतःचं घर, आणि हा गृहस्थ म्हणतो, किल्ली काय, उद्याही मिळेल. मीच तुला ढकललं. म्हटलं, वहिनी तिथे एकट्या उभ्या राहतील, जा. मी आहे ना इथे.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "तू आहेस म्हणून जातो." एवढं बोलून तू टोपी घातलीस आणि गेलास.

गजा, मी सुताराच्या घरातला. माझ्या वडिलांनी तुटक्या होडीची फळी कधी चुलीत घातली नाही, तिचा पाट केला, पाट झिजला तेव्हा त्याची पाचर केली. चांगलं लाकूड जळताना बघणं हे आमच्यात पाप धरतात. ट्रक भरताना माझ्या हाताखालून तीन फळ्या गेल्या. पांढऱ्या, सरळ रेषेच्या, एक गाठ नाही, एक भोक नाही. राळेचा वास असा की बोटीवरचं सगळं तरुणपण आठवावं. मी त्या वाजवून पाहिल्या, उलटसुलट पाहिल्या. मला वाटलं, गजाला भोकं दिसतात, लाकूड कुठे कळतं? लाकूड मला कळतं. मी त्या ताडपत्रीखाली सरकवल्या.

त्या फळ्या मी माझ्यासाठी घेतल्या नव्हत्या, एवढं तरी खरं आहे. तुझे देव तेव्हा बुटांच्या कपाटावर एका स्टीलच्या ताटात होते. वहिनींना त्याचं फार वाटायचं. नव्या घराला माझ्या हातचा देव्हारा, असं माझ्या डोक्यात होतं.

दुपारी तू फोन केलास. आवाजात किल्लीचा आनंद होता. विचारलंस, "सगळं गेलं?" मी म्हटलं, सगळं गेलं. माझ्या शब्दावर तू दाखल्यावर सही केलीस की ढीग पूर्ण नष्ट झाला. या सहीला मी तेव्हा इन्स्पेक्टर लोकांचं शास्त्र समजत होतो.

देव्हारा चांगला झाला होता, हे तूही मान्य करशील. खिळा एकही नाही, सगळे सांधे कुसवाचे. खालचा चौथरा जाड फळीचा, वर चार खांब, वर घुमटी. वास्तुशांतीला तो आणून ठेवला तेव्हा वहिनींचे डोळे भरले. तू जवळ गेलास, वास घेतलास, सवयीने चौथऱ्यावर दोन टिचक्या मारल्यास. आणि विचारलंस, "लाकूड कुठलं?"

मी म्हटलं, सुंगेई कडूतच्या वखारीतलं.

तू म्हणालास, "बरं."

मग जवळपास दोन वर्षं काही झालं नाही. देव सुखाने राहिले, मीही. गणपतीला तुझ्याकडे आरतीला यायचो तेव्हा त्या देव्हाऱ्याचं कौतुक व्हायचं आणि मी ते घ्यायचो, न लाजता.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी वहिनींना देव्हाऱ्यातून कुरतडल्यासारखा आवाज आला. त्यांना वाटलं उंदीर, सातव्या मजल्यावर कसा चढला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिष्ठा झाली आणि तुझा फोन आला. "दत्ता, ये." एवढंच. मला वाटलं वहिनींना काही झालं. बसला वेळ लागेल म्हणून मी टॅक्सीने आलो.

तू जमिनीवर मांडी घालून बसला होतास, सोवळ्यातच. समोर उपडा ग्लास, आणि ग्लासात ती. निळीकाळी, अंगठ्याएवढी लांब, भिंतीला पाय टेकवून वर चढू बघणारी. देव्हाऱ्याच्या चौथऱ्यावर, अन्नपूर्णेच्या पायाशी, गोल भोक आणि त्याखाली पांढऱ्या भुशाची चिमूट. अनघा इथल्या इंग्रजीत म्हणत होती, "बाबा, इट्स ओन्ली अ फ्लाय लाह." आणि तू तिला दटावायचं सोडून हसत होतास. माझ्याकडे वळून म्हणालास, इतकी वर्षं झाली, जिवंत पूर्ण वाढलेली मी पहिल्यांदा पाहतोय. तुझा चेहरा असा झाला होता की जणू घरी पाहुणी आलीय आणि तिला काय वाढू काय नको.

मी त्या भोकाकडे बघत उभा राहिलो. अळी मागचं भुयार भुशाने ठासून बंद करत जाते, इतकं घट्ट की रंध्यालाही कळत नाही, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं, पण माझ्या रंध्याला कळणार नाही असं काही असतं यावर माझा विश्वास नव्हता.

मग तू ग्लासावरची नजर न हलवता विचारलंस, "दत्ता, लाकूड कुठलं?"

तुझा दाखला, तुझी सही, तुझी टोपी घालून किल्ली आणायला गेलेली पाठ, सगळं माझ्या समोर होतं. एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? तू चिडला असतास. चार दिवस बोलला नसतास. मी म्हटलं, सांगितलं ना, वखारीतलं.

"कुठल्या?"

आता आठवत नाही म्हटलं.

मग म्हणालास, "बरं. मग सगळ्या बघू."

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं तसे तू देव तांदळाच्या डब्यात ठेवलेस आणि देव्हारा यार्डात नेलास. ताडपत्रीखाली गॅस दिलास, एक अख्खा दिवस. मग आठवड्याने पुन्हा एकदा. देवाच्या घराला गॅस देणारा तू जगातला पहिलाच माणूस असशील, असं मी म्हटलं, आणि आपण दोघंही हसलो. ते भोक मी लांबीने बुजवतो म्हटलं तर तू नको म्हणालास. म्हणालास, दिसू दे, नाहीतर विसरायला होतं.

त्यानंतर आपले रविवार सुंगेई कडूतला गेले. किती रविवार? मी मोजले नाहीत, पण गणपतीला सुरू झालं ते चिनी नवं वर्ष येईपर्यंत चाललं. एकेक वखार. पत्र्याच्या शेडी, उन्हात तापलेल्या, भुशाने शिंका आणणाऱ्या. तू भिंग घेऊन ओळीने पाइनच्या थप्प्या बघायचास. मालक लोक हसायचे. एका म्हाताऱ्या मालकाने तर तुला पंखा आणि स्टूल दिलं आणि बिस्किटं पुढे केली, अशी तुझी दया आली त्याला. मी पाण्याच्या बाटल्या धरून मागे. जे तिथे नाही हे मला पक्कं माहीत होतं, ते मी तुझ्याबरोबर शोधत होतो, वर "तिकडची थप्पी राहिली बघ" असंही म्हणत होतो. असला निलाजरेपणा माणूस एकदाच करतो असं नाही, सवय झाली की रोज करतो.

आणि खरं सांगू, ते रविवार चांगले होते. काम संपलं की एखाद्या हॉकर सेंटरवर बसायचो, तू गोदीतल्या गोष्टी सांगायचास, मी बोटीवरच्या. तुझे गुडघे दुखायचे आणि तू ते लपवायचास. तू अधूनमधून बोलता बोलता थांबायचास आणि माझ्याकडे बघायचास. मला वाटायचं उन्हाने थकलास. मी तुला अजून एक चहा सांगायचो.

मग तू एकदम वखारी बंद केल्यास. थोड्याच दिवसांनी तुझी बदली झाली, चांगी बिझनेस पार्कमध्ये कंपनीने नवी कचेरी घेतली होती तिथे. टेबल, संगणक, एसी. टॉर्च आणि भिंग गेलं. मी तुला विचारलं तर म्हणालास, गुडघे, आता बोटीच्या शिड्या चढवत नाहीत. मी तुला साहेब म्हणायला लागलो. फोनवर, आणि तुझ्या दारात उभा राहूनही, "साळवीसाहेब आहेत का?" तू हसायचास. दर वेळी हसायचास.

परवा देव्हारा टेबलावर ठेवल्यावर मी वहिनींना बसवलं आणि सगळं सांगितलं. तीन फळ्या, ताडपत्री, सगळं गेलं हे मी फोनवर कसं म्हटलं, वखार, दोनदा बोललेलं खोटं. अनघा खिडकीशी उभी होती, तीही ऐकत होती. सांगताना मला रडू आलं, पण ते राहू दे.

वहिनींनी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाल्या, त्यांना माहीत होतं.

देव्हारा गॅस द्यायला उलटा केला तेव्हाच तुला दिसलं होतं. चौथऱ्याच्या आतल्या कडेला, जिथे माझा रंधा पोचला नव्हता, तिथे तुझ्या निळ्या खडूची अर्धी फुली होती. वहिनींनी आपल्या हाताने मला दाखवली. मी केलेली वस्तू, आणि चार वर्षांत मी ती एकदा उलटी करून बघितली नव्हती.

तू घरी येऊन वहिनींना सांगितलंस. त्या म्हणाल्या, मग विचारा भावजींना सरळ. त्यावर तू काय म्हणालास ते वहिनींनी मला तुझ्याच शब्दांत सांगितलं. "दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तर त्याला तिसऱ्यांदा खोटं बोलावं लागेल. त्यापेक्षा त्याच्याबरोबर थोडा चालतो."

सगळे रविवार, गजा. ती भट्टीसारखी उन्हं, ते गुडघे. वखारीत त्यातली एकही फळी नाही हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. आपण दोघंही नसलेली वस्तू शोधत होतो आणि तू माझी वाट बघत होतास. मी तुला चहा सांगत होतो.

मी बोललो नाही, तेव्हा तू कंपनीला लिहून दिलंस की त्या दाखल्यात चूक होती, ट्रक भरताना तू जागेवर नव्हतास, चूक तुझी. माझं नाव घातलं नाहीस. त्यांनी तुझं इन्स्पेक्शनचं काम काढून घेतलं. गुडघ्याचा त्यात काही संबंध नव्हता. मी साहेब म्हणायचो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात निघून जायच्या, ते का हे मला आज कळतंय.

मला तुझा राग आला, तेही सांगून टाकतो. परवा आला. एक थोबाडीत दिली असतीस तर आपलं भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. तुझ्या चांगुलपणाने मला दोन वर्षं आरामात राहू दिलं, आणि आता मी कुणाशी भांडू? मग काल राग उतरला. तू मला वेळ दिला होतास. तो मी चहात बुडवला, यात तुझा काय दोष?

वहिनी देव्हारा नेत नाहीयेत, त्याचं कारणही तूच. तू त्यांना सांगून ठेवलं होतंस की दोनदा गॅस दिलाय तरी हे लाकूड या बेटाबाहेर जाता कामा नये. मी म्हटलं, अहो वहिनी, रत्नागिरीत पाइन कुठून येणार? तर म्हणाल्या, "ते म्हणायचे, इथे नसलं तरी पुढे कुठेतरी असतंच." सात वर्षांचा आपला वाद वहिनींनी एका वाक्यात संपवला आणि चादर घडी करायला घेतली. हरलो, गजा. हे आज लिहून देतो.

आज सकाळी मी तुझ्या चांगीच्या कचेरीत गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून. तिथली मॅनेजर एक तरुण बाई आहे, तुझ्याबद्दल चांगलं बोलली. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तिने फाइल काढली, तुझा कागद दाखवला. तुझं ते आखीव अक्षर. ती म्हणाली, "ही इज नॉट हिअर एनीमोर, अंकल. फॉर व्हॉट?" मी म्हटलं, तो नाही, पण फाइल तर आहे ना. तिने मला कोरा कागद दिला. मी लिहून सही केली. तिने तो तुझ्या कागदावर ठेवून टाचला. माझं काय व्हायचं ते होईल, मुकादमकी गेली तर पटाशी आहेच.

येताना पासिर रिसला उतरलो, किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या खाली एक बाप आपल्या मुलीला सांगत होता की ही पाइनची झाडं. मी थांबून सांगितलं की नव्हेत. त्याला राग आला असावा.

देव्हारा आता मी ठेवणार आहे. आमचे देव त्यात येतील, भोक तसंच राहील, फुली तशीच राहील. डिसेंबरात अनघाला सुट्टी आहे आणि वहिनींचं तिकीट पुढे ढकलता येईल का ते बघतोय. कॅमेरन हायलँड्सची बस सकाळी सुटते. तुझं ते भिंग अनघाकडे आहे, ते घेऊन यायला सांगितलंय.

बाकी सगळ्यांना सांगून झालं. वहिनींना मराठीत, मॅनेजरबाईला इंग्रजीत. ज्याने विचारलं होतं त्यालाच सांगायचं राहिलं. तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस, तरी मी उत्तर देतो.

लाकूड तुझ्या जाळायच्या ढिगातलं होतं, गजा. तीन फळ्या. मी काढून ठेवल्या होत्या.